वसुधाताईंच्या कॅमेऱ्याचा फोटो कुणी काढला

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. खुर्च्या रिकाम्या आहेत. जिन्यात कुणी थांबू नका.

मी मंगल साळुंके. बी विंग. सोसायटीतले सगळे ओळखता. वसुधाताईंच्या कॉलेजातून आकुर्डीहून जे प्राध्यापक आणि विद्यार्थी आलेत, त्यांच्यासाठी सांगते, मी ताईंची शेजारीण. निघोज्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. भाषणाची सवय नाही. काल आपले अध्यक्ष पवारकाका म्हणाले, "मंगल, शोकसभेत तूच बोल. तुझं आणि त्यांचं जवळचं होतं." मी हो म्हटलं. घरी गेले आणि विचारात पडले. जवळचं होतं का? मला अजून सांगता येत नाही. म्हणून बोलायला जड जातंय. रडू येईल म्हणून नाही. ते घरी करून आलेय.

श्रीकांतदादा, ताईंचे धाकटे भाऊ, दापोलीहून आलेत. दादा, तुमच्यासमोर बोलतेय. चुकलं तर थांबवा.

मंडळी, ताई तुम्हाला कशा आठवतात? गेटवर कुरिअरवाल्याशी भांडणाऱ्या? गणपतीत वर्गणी देऊन आरतीला न येणाऱ्या? रिक्षावाल्याला रस्ता सांगणाऱ्या, आणि तो बरोबर चाललाय का म्हणून पुन्हा स्वतःच्या फोनवर बघणाऱ्या? सगळं खरं आहे. ताई संशयी होत्या. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. पण ताईंना हा शब्द लागला नसता. त्या म्हणायच्या, "संशय हा माझा पगाराचा विषय आहे, मंगल."

त्या काय करायच्या हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत होतं. मलाही आधी माहीत नव्हतं. फिजिक्स शिकवतात, एवढंच. एकदा रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर जेवणाच्या डब्याएवढा एक कॅमेरा, त्याला वायरी, बाजूला लॅपटॉप. म्हणाल्या, "तवा तापव. खूप तापव." मी तापवला. त्यांनी गॅस बंद केला, खिडकीचा पडदा ओढला. म्हणाल्या, "तवा कसा दिसतोय?" मी म्हटलं, "काळा." "आता इथे बघ." लॅपटॉपवर तवा पांढरा दिसत होता. दिव्यासारखा.

"हा अवरक्त प्रकाश," त्या म्हणाल्या. "इन्फ्रारेड. डोळ्याला दिसत नाही. तवा तापलाय हे तुला बोट भाजल्यावर कळतं. या कॅमेऱ्याला न भाजता कळतं."

मी म्हटलं, "पण हे तव्यासाठी केलंय का एवढं?"

त्या हसल्या. मग त्यांनी समजावलं. मी समजले तसं सांगते, कॉलेजच्या लोकांनी सांभाळून घ्या. फार लांब काही दीर्घिका आहेत. आपल्या आकाशगंगेसारख्या, पण त्यांच्या मध्यभागी मोठी उलथापालथ चालू असते. तिथे एक प्रचंड कृष्णविवर असतं. त्यात वायू पडत राहतो आणि पडता पडता भयंकर उजळतो. कधी जास्त पडतो, कधी कमी. त्यामुळे तो मधला उजेड स्थिर नसतो, वरखाली होतो. त्या उजेडाभोवती धुळीचं कडं असतं. मध्ये भडका उडाला की त्याचा उजेड धुळीपर्यंत जातो आणि धूळ तापते. तापली की तव्यासारखी न दिसणाऱ्या उजेडात चमकते. पण लगेच नाही. ते कडं इतकं लांब असतं, की उजेडाला तिथवर पोचायला महिनोन्महिने लागतात. आधी मध्ये भडका, मग कित्येक महिन्यांनी धूळ. या दोन्हींमधला वेळ मोजला की धूळ किती लांब आहे ते कळतं. जिथे कुणी कधी जाणार नाही, तिथलं अंतर नुसतं वाट बघून मोजायचं.

ताईंचं काम म्हणजे ही वाट बघणं. डोंगरावरच्या एका वेधशाळेत छोट्या दुर्बिणीला हा कॅमेरा लावायचा, आणि ठरावीक दीर्घिकांची चमक पुन्हा पुन्हा मोजत राहायची. वर्षानुवर्षं.

आणि प्रत्येक आकड्यावर संशय. चमक वाढली? मग विरळ ढग होता का? चंद्र जवळ होता का? कॅमेराच तापला का? त्यांनी मला सांगितलं होतं, की दीर्घिका उजळली हे एकट्या तिच्याकडे बघून कळत नाही. शेजारचे तारे बघावे लागतात. ते जसेच्या तसे असतील, तर दीर्घिका खरंच बदलली. मी म्हटलं, "आणि शेजारचा ताराच बदलला असेल तर?" ताई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणून त्याच्याही शेजारचे बघायचे."

तेव्हा आमचं चांगलं होतं. सेकंड शिफ्ट नसली की मी संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला. त्यांना कोकणातली माणसं भेटत नाहीत म्हणून त्या माझ्यावर मालवणी मसाल्याचे प्रयोग करायच्या, आणि मी धाराशिवची, मी त्यांना तिखट खायला शिकवायची.

आता पुढचं सांगते. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना अर्धं माहीत आहे. अर्धं मलाही माहीत नाही.

पावसाळ्यात दुरुस्तीला खाली आणलेला कॅमेरा परत डोंगरावर पाठवण्याआधी लांबच्या वस्तूवर तपासायचा होता. दिवाळीआधीच्या एका रविवारी दुपारी ताई ए विंगच्या गच्चीवर तिपाई लावून बसल्या. समोर भोसरीकडच्या कारखान्याची एक चिमणी होती, त्या तिच्याकडे कॅमेरा लावून होत्या. आता दिघीत राहणाऱ्याला सांगायला नको, आपल्या मागच्या बाजूला काय आहे. लष्कराच्या हद्दीतला डोंगर. तिथे साधा मोबाईल वर केला तरी कुणीतरी म्हणतं, "अहो, तिकडे नका." ताईंनी मुद्दाम त्या बाजूला पाठ केली होती.

त्याच दुपारी आमच्या घरी सत्यनारायण होता. मुलीला नोकरी लागली म्हणून. तुम्ही सगळे आला होतात. प्रसाद घेतलात. गर्दी एवढी, की निम्मे लोक गॅलरीत उभे होते. आमच्या गॅलरीतून ए विंगची गच्ची सरळ दिसते.

आणि त्या आठवड्यात पोलीस चौकीत एक निनावी तक्रार गेली. सोबत एक फोटो. दिघीतली एक एकटी बाई परदेशातून पार्सलं मागवते, अंधारातलं दाखवणारा कॅमेरा तिच्याकडे आहे, आणि ती लष्कराच्या हद्दीचं चित्रण करते.

चौकीतले साहेब आले तेव्हा मी ताईंच्या घरीच होते. साध्या कपड्यात होते, सभ्यपणे बोलले. चूक त्यांची नाही, हे मी आधीच सांगते. तक्रार आली की बघावंच लागतं. ताईंनी त्यांना सगळं दाखवलं. तवासुद्धा तापवला. साहेब म्हणाले, "मॅडम, मला पटतंय. पण मला पटून भागत नाही. हे जाणकारांकडून तपासून घ्यावं लागेल." मग त्यांनी फोटो दाखवला. फोटोत ताई कॅमेऱ्यावर वाकलेल्या, आणि मागे डोंगर. कॅमेऱ्याचं तोंड कुणीकडे आहे ते त्यात कळत नव्हतं. डोंगर मात्र स्पष्ट होता.

फोटोच्या कडेला गॅलरीची जाळी होती. जाळीला बांधलेली निळी दोरी होती. ती दोरी आमची. मीच बांधलेली, कपडे वाळत घालायला.

मी दोरी बघितली. ताईंनी दोरी बघितली. मग ताईंनी माझ्याकडे बघितलं. साहेबांनी पावती दिली आणि कॅमेरा घेऊन गेले.

मंडळी, त्यानंतर आपली सोसायटी आठवते का तुम्हाला? व्हॉट्सअॅपवर कुणी थेट काही लिहिलं नाही. नुसतं, "सगळ्यांनी सावध राहावे." कशापासून? कुणापासून? हिरामणआबा, ज्यांच्या जमिनीवर ही इमारत उभी आहे, ते एकटे ताईंच्या दारात जाऊन बोलले. मी तिथे होते. आबा म्हणाले, "बाई, खरं सांगा. तुमी त्या डोंगराकडं बघत व्हता का न्हाई?" ताई म्हणाल्या, "नाही आबा." आबा म्हणाले, "मंग झालं. आमी इचारलं, तुमी सांगितलं. मिटलं." आबांसाठी मिटलं. बाकीच्यांनी विचारलंच नाही, त्यामुळे त्यांचं मिटलं नाही.

आणि माझं? मी माझ्याच घरात तपास सुरू केला. त्या दिवशी गॅलरीत कोण कोण उभं होतं? कुणाच्या हातात मोबाईल होता? मी नवऱ्याला विचारलं. हो, दत्तालासुद्धा. तो जेवत होता. घास हातात ठेवून म्हणाला, "मंगल, तू मला विचारतेस हे?" मी म्हटलं, "सगळ्यांनाच विचारणार आहे." तो म्हणाला, "मग आधी सगळ्यांना विचारून ये. मला शेवटी विचार." आठवडाभर आमच्यात बोलणं नव्हतं. मुलीने पूजेचे फोटो दाखवले. त्यात प्रत्येकाच्या हातात मोबाईल. पूजेला आलेला माणूस मोबाईल काढणारच. त्यावरून काय ठरवणार?

ताईंनी माझ्याकडे येणं थांबवलं. भांडण नाही. लिफ्टमध्ये भेटलो की "कशी आहेस?", "बरी आहे." चहाला बोलावणं नाही. मी पाठवलेला डबा धुऊन परत यायचा, रिकामा. पूर्वी रिकामा कधी आला नव्हता. मला कळत होतं. त्यांना वाटतंय की मी केलं. सांगावंसं वाटायचं, ताई, मी नाही. पण न विचारता सांगितलं तर आपणच आपल्यावर बोट दाखवल्यासारखं. दारापर्यंत जायची आणि परत यायची.

कॅमेरा दिवाळीआधी गेला तो होळी झाल्यावर परत आला. काही आक्षेपार्ह नाही असं कळवलं गेलं. कागद मिळाला, सुटका झाली. पण त्या काळात काय झालं होतं?

ताई ज्या दीर्घिकेवर सगळ्यात जास्त वर्षं लक्ष ठेवून होत्या, तीच त्याआधीच्या पावसाळ्यात भडकली होती. साध्या उजेडात भडकल्याचं दुसऱ्या देशांतल्या लोकांनी कळवलं होतं. म्हणजे काही महिन्यांनी धूळ तापणार, हिवाळ्यात कधीतरी. त्याचीच ताई इतकी वर्षं वाट बघत होत्या. आणि त्या हिवाळ्यात कॅमेरा कपाटात कुलूपबंद. दुसरा कॅमेरा मागून बघितला, मिळाला नाही. कॅमेरा डोंगरावर पोचला तोवर दीर्घिका आकाशात सूर्याच्या इतकी जवळ आली होती, की थोड्याच दिवसांत दिसेनाशी होणार होती. शेवटची एकदोन निरीक्षणं मिळाली. त्यात धूळ उजळलेलीच होती. पण चढत होती की उतरत होती? सगळ्यात जास्त कधी उजळली? ते गेलं. ते परत येणार नव्हतं.

हे मला ताईंनी सांगितलं नाही. त्यांच्या कॉलेजातल्या कदम मॅडमनी सांगितलं. त्या इथे बसल्या आहेत. कदम मॅडम, मला अजून आठवतं तुम्ही काय म्हणालात. ताईंच्या बरोबर हे काम करणाऱ्या बंगळुरूच्या सरांनी ताईंना सुचवलं होतं, की आधीचे आकडे आहेत, नंतरचे आहेत, मधली रेष अंदाजाने जोडू, संशोधनाचा पेपर चांगल्या ठिकाणी जाईल. ताई म्हणाल्या, "मी बघितलं नाही." सर म्हणाले, "पण झालं असणारच ना?" ताई म्हणाल्या, "झालं असणारच. मी बघितलं नाही." पेपर लहान ठिकाणी छापून आला, आलेखात मधली जागा मोकळी ठेवून. निरीक्षणं का नाहीत, हे त्यांनी लिहिलं नाही. सोसायटीचं नाव त्यात आलं नाही, पोलिसांचं आलं नाही, आपलं कुणाचंच आलं नाही.

मी असते तर लिहिलं असतं. नक्की लिहिलं असतं.

एक चांगली गोष्टही सांगायला हवी. त्यानंतर काही वर्षांनी तीच दीर्घिका मंदावली. मधला उजेड एकदम उतरला. आणि या वेळी कॅमेरा जागेवर होता. महिनोन्महिने धूळ तशीच चमकत राहिली, जणू तिला खबरच नाही. मग एके दिवशी तीही उतरायला लागली. ताईंनी सगळं पकडलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तरीसुद्धा वर्षभर त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसली असेल, म्हणाल्या. डोंगरावर जाऊन काच उघडून बघून आल्या. मग म्हणाल्या, "हो. तिथलीच धूळ आहे." कदम मॅडम सांगतात, तेवढ्या एका दिवशी ताईंनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेढे वाटले. मला ते पेढे मिळाले नाहीत. सांगून टाकते.

मग आजारपण आलं. श्रीकांतदादा यायचे, राहायचे, पण त्यांचंही घर आहे, बागा आहेत. एके दिवशी ताईंनी दार वाजवलं. किती वर्षांनी. हातात घराची किल्ली. म्हणाल्या, "मी अॅडमिट होतेय. झाडांना पाणी घाल." एवढंच. मी किल्ली घेतली. झाडांना पाणी घातलं. कपडे नेले, डबा नेला. त्या खायच्या, मी बसायची. फारसं बोलणं नाही.

मागच्या महिन्यात, दुपारची वेळ होती, मी त्यांची उशी नीट करत होते. त्या म्हणाल्या, "तो फोटो तुमच्या गॅलरीतून काढलेला होता."

मी म्हटलं, "हो. माझी दोरी होती."

"तुला तेव्हाच कळलं?"

"तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

मी म्हटलं, "तुम्ही विचारलं का नाहीत?"

ताई म्हणाल्या, "विचारून काय उपयोग? तू केलं असतंस तरी नाही म्हणाली असतीस. केलं नसतंस तरी नाही म्हणाली असतीस. एकच उत्तर. त्याने काय कळणार?"

मी म्हटलं, "ताई, मी नाही काढला."

"बघ," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी हसलो. खूप दिवसांनी हसलो. मग मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "आता काय वाटतं तुम्हाला?"

मंडळी, मरणाच्या दारातलं माणूस गोड बोलतं. आपण सगळ्यांनी बघितलंय. "नाही गं, तू कशी करशील," एवढं म्हटलं असतं तरी मला आयुष्यभर पुरलं असतं. ताई म्हणाल्या, "अजून खात्री नाही."

मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, "खात्री नाही तर मला घराची किल्ली का दिलीत?"

त्या म्हणाल्या, "किल्ली द्यायला खात्री लागत नाही, मंगल. पेपर छापायला लागते."

त्यानंतर त्या झोपल्या. मी बाहेर बाकावर जाऊन बसले. तिथे मला समजलं की ही बाई माझ्याशी कधी खोटं बोलली नाही. आजही बोलली नाही. आणि माझ्यावर संशय असताना ती माझ्या हातचं जेवत होती. माझ्यावर विश्वास टाकणारे पुष्कळ आहेत. संशय असून किल्ली देणारी एकच होती.

आज सकाळी दादांनी मला विचारलं, "मंगलताई, कोण होतं ते? तुम्हाला काही अंदाज?" दादा, मी तुम्हाला नाही म्हणाले. ते अर्धं खरं होतं. माहीत नाही. अंदाज आहे. अंदाज एकाचा नाही, काही जणांचा आहे. बोलता बोलता मी या हॉलमध्ये बघत होते. कोण मान खाली घालतंय. कोण मोबाईल बघतंय. कोण जास्त रडतंय. माफ करा, पण मी बघत होते. आणि मला काही कळलं नाही. मान दुःखानेही खाली जाते आणि लाजेनेही. वरून सारखीच दिसते.

ज्याने काढला, त्यालाही कदाचित खरंच भीती वाटली असेल. देशासाठी करतोय असं वाटलं असेल. मला सांगायला येऊ नका. आता ऐकायची ज्यांना गरज होती त्या नाहीत. पण एक सांगते. आबांसारखं दारात जाऊन विचारलं असतंत, तर ताईंनी तुमच्यासाठीसुद्धा तवा तापवला असता.

ताई, तुमच्या खात्रीविना मला राहावं लागणार आहे. राहीन मी.

आता आपण सगळे उभे राहू. दोन मिनिटं शांत राहू. एक विनंती आहे. डोळे मिटून घ्या. आणि उघडलेच, तर समोरच्या तसबिरीकडे बघा. शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघू नका.